तरुण वयात हार्ट अटॅक आल्यानंतर कामावर परतताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण-तळेगाव पट्ट्यातील कारखान्यांमध्ये कामगारांच्या आरोग्याचे काम पाहताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. काही स्वतः रुग्ण, काही रुग्णाची पत्नी किंवा भाऊ, आणि क्वचित एखादा एचआर मॅनेजर. येथील मुदती सर्वसाधारण आहेत. तुमच्या बाबतीत तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा शब्द अंतिम. छातीत आत्ता दुखत असेल, तर पुढे वाचत बसू नका, १०८ वर फोन करा.

१. माझे वय ३६ आहे. अँजिओप्लास्टी होऊन चार दिवसांनी घरी आलो. कामावर साधारण कधी जाता येईल?

ब्लॉक वेळेत उघडला असेल, हृदयाचे पंपिंग चांगले असेल आणि रुग्णालयात काही गुंतागुंत झाली नसेल, तर बैठ्या कामावर दोन ते तीन आठवड्यांत, उभ्याच्या किंवा फिरतीच्या कामावर चार ते सहा आठवड्यांत आणि ओझे उचलण्याच्या कामावर सहा ते बारा आठवड्यांत परतता येते. शेवटच्या प्रकारात आधी ताकदीची चाचणी करून घ्यावी (प्रश्न ४). बायपास झाली असेल, तर छातीचे हाड सांधण्यासाठीच दोन-तीन महिने जातात आणि जड कामाला त्याहून अधिक.

तरुण रुग्णांची एक चूक नेहमी दिसते. मनगटातून तार घातलेली असते, छातीवर टाका नसतो, तिसऱ्या दिवशी चालता येते, त्यामुळे फारसे काही झालेच नाही असे वाटते. स्टेंटने, म्हणजे नळीत बसवलेल्या बारीक जाळीने, नळी उघडली जाते, पण रक्ताविना मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होण्यास काही आठवडे लागतात आणि वय ३६ आहे म्हणून ही मुदत पंधरा दिवसांवर येत नाही.

२. डिस्चार्जच्या वेळी इकोमध्ये पंपिंग ४० टक्के आले. म्हणजे माझे हृदय चाळीस टक्केच उरले का?

नाही. हे परीक्षेतले गुण नव्हेत. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील रक्तापैकी किती हिस्सा बाहेर फेकला जातो, ते हा आकडा सांगतो, आणि निरोगी हृदयसुद्धा साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकते.

शिवाय अटॅकनंतर पहिल्या काही दिवसांत काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, आणि तो पुढच्या आठवड्यांत पुन्हा हलू लागतो. म्हणून सहा ते बारा आठवड्यांनी इको पुन्हा करतात. तोपर्यंत डिस्चार्जच्या कागदावरचा आकडा पाहून राजीनामा देऊ नये आणि मालकानेही तो पाहून माणसाला मोडीत काढू नये. औषधोपचारानंतरही आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला, तर आयसीडी नावाचे, ठोक्यांतला धोकादायक बिघाड ओळखून हृदयाला झटका देणारे उपकरण छातीत बसवण्याचा विचार होतो (प्रश्न १५). तो निर्णयही अटॅकनंतर किमान ४० दिवस थांबून घेतला जातो.

३. डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिले आहे. मग आणखी काय पाहायचे?

तुम्ही काय काम करता हे डॉक्टरांना ठाऊक होते का, एवढे पाहायचे.

माझ्याकडे चौतीस वर्षांचा एक प्रेस ऑपरेटर असेच सर्टिफिकेट घेऊन आला होता. त्यावर कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचे एका ओळीत लिहिलेले, खाली सही-शिक्का. डॉक्टरांनी काम विचारले होते आणि याने “मशीनवर असतो” असे उत्तर दिले होते. प्रत्यक्षात तो जमिनीवरचा अठरा किलोचा क्रेट कमरेच्या उंचीवर उचलत होता, एका पाळीत साठ वेळा. दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी, कँटीन दोन मजले वर आणि कंपनीच्या बसचा प्रवास जाऊन-येऊन तीन तास. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बहुधा खुर्ची आणि बटणे होती. त्यात डॉक्टरांची चूक म्हणता येणार नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून सर्टिफिकेट मागायला जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून न्या: सर्वांत जड वस्तू किती किलोची, ती कुठून कुठे आणि दिवसातून किती वेळा उचलावी लागते, सलग किती तास उभे राहावे लागते, जिने किती, भट्टीजवळ किंवा उन्हात काम आहे का, पाळ्या कशा बदलतात, प्रवास किती आणि काम करताना आसपास दुसरे कोणी असते का. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. पंप हाऊसमध्ये रात्री एकट्याने असणे हे काम हलके असले तरी धोक्याचेच आहे.

डॉक्टरांकडून येणारा कागदही तितकाच नेमका असावा. “हलके काम द्यावे” या शब्दांचा उपयोग होत नाही, कारण सुपरवायझरच्या लेखी क्रेट उचलणे हेच हलके काम असू शकते. “पहिले सहा आठवडे १० किलोपेक्षा जास्त उचलू नये, रात्रपाळी देऊ नये, त्यानंतर फेरतपासणी” असे लिहिलेले असेल, तर कोणालाही वाद घालता येत नाही.

४. शरीराला काम झेपेल की नाही, हे आधी मोजता येते का?

बऱ्याच अंशी येते. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालण्याची चाचणी, त्यासाठीच उपयोगी पडते. स्वस्थ बसलेले असताना शरीराला जी ऊर्जा लागते, तिला एक मेट म्हणतात. संगणकावरचे काम दीडच्या आसपास, भरभर चालणे चारच्या आसपास आणि विटा किंवा पोती वाहणे आठच्या घरात जाते. नेहमीच्या पद्धतीच्या टीएमटीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. तीन मिनिटे पूर्ण केल्यास साधारण पाच, सहा मिनिटे केल्यास सात आणि नऊ मिनिटे केल्यास दहा मेटची ताकद आहे असे समजतात.

मात्र एकदा गाठलेली कमाल पातळी आठ तास टिकत नाही. पूर्ण पाळीची सरासरी कमाल ताकदीच्या एक तृतीयांश ते चाळीस टक्क्यांच्या आत असावी, असा ठोकताळा आहे. ज्याला सात मेट जमले, त्याने जुळणीचे किंवा तपासणीचे काम दिवसभर करण्यास हरकत नसते, पण दिवसभर गाडी भरण्याचे काम त्याला झेपणार नाही. शिवाय पट्ट्यावर पायांची परीक्षा होते, हातांनी ओढण्या-उचलण्याची होत नाही. चाचणीच्या दिवशी सकाळच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, ते आधीच विचारून घ्यावे.

५. माझे स्वतःचे दुकान आहे. गल्ल्यावर तर बसायचे असते. मग अडचण कसली?

अडचण गल्ल्यावर नाही, शटरमध्ये आहे.

सकाळी रिकाम्या पोटी वाकून, श्वास रोखून गंजलेल्या शटरला जो पहिला हिसका दिला जातो, त्या एका क्षणात रक्तदाब झपाट्याने वर जातो. चालण्याने हृदयावर येणारा भार हळूहळू वाढतो आणि तोवर शरीर त्याला सरावते. शटर तशी सवड देत नाही. दुचाकी मेन स्टँडवर चढवणे, वीस लिटरचा पाण्याचा जार पालथा घालणे आणि भरलेला सिलिंडर सरकवणे (१४.२ किलो गॅस आणि जवळपास तितक्याच वजनाची टाकी) ही कामेही त्याच जातीची.

पहिले सहा आठवडे शटर दुसऱ्याने उघडावे. दरम्यान त्याला ग्रीस लावून घ्यावे, कारण हा दहा मिनिटांचा उपाय वर्षानुवर्षे कोणी करत नाही. नंतर स्वतः उघडताना गुडघ्यांत वाकून, दोन्ही हातांनी, तोंडाने श्वास सोडत उचलावे. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल, तर त्या हाताने पहिला आठवडाभर काहीच जड उचलू नये.

६. माथाडी कामगार आणि शेतकऱ्यांनी काय करावे? त्यांना हलके काम कोण देणार?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेणे हे पंपिंग उत्तम असलेल्या आणि टीएमटीत अडथळा न आलेल्या माणसानेसुद्धा दोन-तीन महिने पूर्ण होण्याआधी सुरू करू नये. पंपिंग कमी राहिले असेल, तर ते काम बहुधा कायमचे सोडावे लागते. टोळीत थप्पी मोजणे, पावत्या सांभाळणे किंवा काट्यावर उभे राहणे अशी कामे असतात. ती मिळण्यासाठी टोळीच्या मुकादमाशी रुग्णाने एकट्याने बोलण्यापेक्षा डॉक्टरांचा नेमका कागद (प्रश्न ३) पुढे ठेवून बोलावे.

शेतात पाणी देणे, देखरेख करणे, बसून करायची कामे आधी सुरू करावीत. सोळा लिटरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातो आणि तो पाठीवर घेऊन ढेकळांतून चालावे लागते, म्हणून ते काम शेवटी. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याबाबत वेगळी सूचना: रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असताना घामाने पाणी कमी झाले, तर चक्कर येऊन माणूस पडतो. एप्रिल-मे महिन्यांत अकरा ते चारच्या दरम्यान शेतात जाऊ नये आणि पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे, कारण पंपिंग कमी असलेल्यांना पाण्यावरही मर्यादा असते.

७. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ जावे, की अर्धा दिवस?

शक्य असेल तर अर्धा. पहिले दोन आठवडे चार तास, पुढचे दोन आठवडे सहा तास आणि मग पूर्ण वेळ, अशी चढण बहुतेकांना मानवते.

याचे कारण डेन्मार्कमधील एका मोठ्या पाहणीत सापडते. तेथे १९९७ ते २०१२ या काळात पहिला अटॅक आलेल्या ३० ते ६५ वयाच्या नोकरदारांपैकी ९१ टक्के लोक वर्षभरात कामावर परतले. हा आकडा सुखावणारा आहे. पण परतलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के लोक पुढच्या वर्षभरात पुन्हा कामाबाहेर पडले. रुजू होण्याच्या दिवशी सगळे हारतुरे घेऊन उभे असतात, तिसऱ्या महिन्यात कोणी विचारत नाही. म्हणून कंपनीशी बोलताना रुजू होण्याच्या तारखेबरोबर सहा आठवड्यांनंतरच्या आणि तीन महिन्यांनंतरच्या आढाव्याची तारीखही ठरवून घ्यावी.

घरून काम मिळाले तर उत्तम, परंतु आयटीतल्या अनेकांचे घरून काम म्हणजे सकाळी नऊपासून रात्री अकराच्या कॉलपर्यंतचे काम असते. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडले आहे. लॅपटॉप बंद करण्याची वेळही डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्यावी.

८. रात्रपाळी पुन्हा करता येईल का?

पहिले दोन-तीन महिने टाळावी. नंतर झोप नीट होत असेल आणि तपासण्या समाधानकारक असतील, तर काही जण करू शकतात. पण दर आठवड्याला बदलणाऱ्या पाळीपेक्षा एकच ठरलेली पाळी बरी. रक्ताची गुठळी रोखणारी टिकाग्रेलॉरसारखी गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते. पाळी बदलली तरी घड्याळातली तिची वेळ बदलू नये. मोठ्याने घोरणे आणि दिवसा डुलक्या येणे असे काही असेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घेतल्याशिवाय रात्रपाळीचा विषय काढू नये.

९. लोकलने किंवा दुचाकीने कधीपासून जावे?

काम झेपते आणि प्रवास झेपत नाही, अशी मुंबई परिसरातील अनेकांची अवस्था असते. डोंबिवलीहून आठ वाजताची फास्ट पकडून, एका हाताने लटकत, दादरचा पूल चढून जो माणूस टेबलापाशी पोचतो, त्याचे दिवसातले सर्वांत कष्टाचे काम तिथेच संपलेले असते. पहिला महिना कामाची वेळ पुढे-मागे करून गर्दी टाळावी. कामावर जाण्यापूर्वी एखाद्या रविवारी तोच प्रवास मोकळ्या गाडीने करून पाहावा. दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले, तर तयारी ठीक आहे असे समजावे. (लैंगिक संबंधांबाबतही डॉक्टर साधारण हीच खूण सांगतात. प्रश्न अनेक जण विचारतात, फक्त उघडपणे नाही.)

स्वतः गाडी चालवण्याबाबत ब्रिटनचा नियम अंदाजासाठी उपयोगी आहे: अँजिओप्लास्टी यशस्वी झाली, पंपिंग ४० टक्क्यांपेक्षा कमी नसले आणि दुसरी अडचण नसली, तर मोटार एका आठवड्याने, अन्यथा चार आठवड्यांनी. आपल्या रस्त्यांवर दुचाकीसाठी दोन ते चार आठवडे थांबणे शहाणपणाचे. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती जास्त असते, म्हणून गल्लीतल्या फेरीलाही हेल्मेट हवेच. बायपास झालेल्यांनी तीन महिने दुचाकीला हात लावू नये. पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांनी प्रश्न १४ पाहावा.

१०. गोळ्यांनी गळून गेल्यासारखे होते, कामात लक्ष लागत नाही. काही गोळ्या बंद करू का?

स्वतःहून एकही नाही. ठोक्यांची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकरने थकवा येतो, रक्तदाबाच्या रामिप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला, टिकाग्रेलॉरने अधूनमधून श्वास अपुरा वाटतो, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने काहींचे स्नायू दुखतात. या प्रत्येक तक्रारीवर डोस किंवा गोळी बदलण्याचा उपाय आहे. ॲस्पिरिन सहसा कायमची आणि तिच्या जोडीची गोळी साधारण वर्षभर चालू राहते. यांतली एकही मध्येच थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन आधीपेक्षा मोठा अटॅक येऊ शकतो. दात काढायचा आहे म्हणून दंतवैद्यांनी थांबवायला सांगितली, तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. कामावर अंग दुखले म्हणून सहकाऱ्याच्या खिशातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये.

११. कामाच्या ताणामुळेच अटॅक आला. नोकरी सोडू का?

तीन महिने हा निर्णय घेऊ नका. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात नऊ कारणे मिळून पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका स्पष्ट होतो असे दिसले. मानसिक ताण त्यांत आहे, पण सर्वांत वरची दोन कारणे तंबाखू आणि बिघडलेले कोलेस्टेरॉल ही होती. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांचे पहिल्या अटॅकचे सरासरी वय ५३ आणि इतरांचे ५९ निघाले. नोकरी सोडून गावी गेलेला, पण तंबाखूचा बार किंवा मिश्री न सोडलेला माणूस मी पाहिला आहे. त्याने पगार गमावला आणि धोका तसाच ठेवला.

कामाच्या ठिकाणी सिगारेट बहुधा एकट्याने ओढली जात नाही, अकराच्या चहाला टपरीवर चौघांबरोबर ओढली जाते. म्हणून चहाची जागा बदलणे हा सोडण्याचा पहिला भाग आहे. चाळिशीच्या आत अटॅक आलेल्यांनी लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा, बहुतांशी आनुवंशिक घटक) ही तपासणी एकदा करावी आणि सख्ख्या भावंडांचे व मुलांचे कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

१२. छातीत बारीक टोचले तरी वाटते की पुन्हा आला. अशा मनःस्थितीत काम कसे करू?

ही भीती बहुतेकांना असते आणि अटॅकनंतर सुमारे पाचातल्या एकाला औषधोपचाराची गरज पडावी इतकी उदासी येते. तरुण पुरुष ती “चिडचिड होते” या शब्दांत सांगतात. बोटाने जागा दाखवता येते, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढते, असे सेकंदभराचे टोचणे बहुधा स्नायूचे असते. छाती आवळल्यासारखी होणे, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम, दम, आणि ते काही मिनिटे टिकणे, हे वेगळे. तेव्हा काम थांबवून बसावे, दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवावी आणि पाच मिनिटांत आराम नसेल, तर १०८. शेजारी काम करणाऱ्या दोघांना हे आधीच सांगून ठेवावे. दोन आठवड्यांहून अधिक मन उदास असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

१३. रजा आणि पैसे यांचे काय?

ई.एस.आय., म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल (सध्या दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन), तर आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. ठरावीक दीर्घ आजारांसाठी तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो आणि पंपिंग कमकुवत झालेला हार्ट अटॅक त्या यादीत येतो. त्यासाठी इकोचा कागद जपून ठेवावा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजा परिवर्तित करून पूर्ण वेतनावर घेता येते. खासगी नोकरीत सारे नेमणूकपत्रावर अवलंबून असते.

क्रिटिकल इलनेस पॉलिसी (गंभीर आजाराचे निदान झाल्यावर ठरलेली रक्कम देणारा विमा) घेतलेली आहे आणि आठवणच नाही, असे तिशीतले लोक बरेच भेटतात. गृहकर्जासोबत ती विकलेली असते, म्हणून कर्जाची फाईल काढून पाहावी. अशा पॉलिसीत अँजिओप्लास्टीपेक्षा अटॅकचे निदान महत्त्वाचे असते, त्यामुळे ईसीजी आणि ट्रोपोनिनचे (अटॅक ओळखण्याची रक्ततपासणी) मूळ अहवाल लागतात. नोकरी बदलण्याचा विचार असेल, तर नवीन वैयक्तिक आरोग्यविम्यात आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते, हे लक्षात ठेवूनच जुना समूह विमा सोडावा. आजार लपवून पॉलिसी घेऊ नये.

१४. मी चालक आहे. माझी नोकरी राहील का?

ज्याच्या हातात इतरांचा जीव आहे, त्याला अधिक कडक कसोटी लागते. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ब्रिटनमध्ये बस-ट्रकचालकांना किमान सहा आठवडे थांबून व्यायामचाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. आपल्याकडेही टीएमटी केल्याशिवाय बस किंवा ट्रक हाती घेऊ नये. रेल्वेत लोको पायलटची ए-१ ही वैद्यकीय श्रेणी गेली, तर पर्यायी पदावर नेमणूक मिळण्याची व्यवस्था आहे. मात्र हृदयविकार हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मोडत नाही, त्यामुळे “मला त्या कायद्याचे संरक्षण आहे” असे गृहीत धरून भांडायला जाऊ नये.

१५. मला आयसीडी बसवले आहे आणि मी वेल्डर आहे.

स्टेंटला वेल्डिंगचा, मेटल डिटेक्टरचा किंवा मोबाइलचा काही त्रास नाही. आयसीडी मात्र जवळच्या तीव्र विद्युतचुंबकीय क्षेत्राला हृदयाचा बिघाड समजून झटका देऊ शकते. मोठ्या करंटचे आर्क वेल्डिंग, स्पॉट वेल्डिंग आणि इंडक्शन भट्टी यांपाशी परत जाण्यापूर्वी उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना मशीनचा करंट किती ते कळवावे. अनेकदा काम बदलावे लागते. मोबाइल उपकरणापासून १५ सेंटिमीटर दूर, म्हणजे शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको.

१६. माझ्या बहिणीला ३८ व्या वर्षी अटॅक आला, पण अँजिओग्राफीत चरबीचा ब्लॉक नाही, नळीच्या भिंतीला चीर आहे म्हणतात. तिलाही हेच नियम लागू आहेत का?

पूर्णपणे नाहीत. हा प्रकार तरुण स्त्रियांमध्ये, विशेषतः बाळंतपणानंतरच्या काळात, अधिक आढळतो. अशी चीर पुष्कळदा स्टेंटशिवाय आपोआप भरून येते, म्हणून स्टेंट का टाकला नाही याची चिंता करू नये. पण ती पुन्हा होण्याची शक्यता असते. त्यामुळे श्वास रोखून जड उचलणे (प्रश्न ५) यावर तिला इतरांपेक्षा अधिक काळ, काही वेळा कायमची मर्यादा असते. गर्भनिरोधक गोळ्या आणि पुढचे गर्भारपण यांविषयी हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही विचारावे.

एक गोष्ट तिच्या कामाच्या कागदावर (प्रश्न ३) आवर्जून लिहावी. ऑफिसचे आठ तास लिहिले जातात, पण पहाटे साडेपाचला भरायचे पाणी, दोन डबे, कडेवरचे बारा किलोचे मूल आणि संध्याकाळची कणीक लिहायची राहून जाते. ऑफिसने अर्धा दिवस दिला आणि घरी परतल्यावर उरलेला अर्धा दिवस उभ्यानेच गेला, तर तिची रजा झालीच नाही. मुलाला उचलायचे कोणी आणि पाणी भरायचे कोणी, हे तिच्या डिस्चार्जच्या आधी घरातल्या माणसांनी ठरवावे.